मोटर किती एचपीची घ्यायची हे सगळ्यात शेवटी ठरवा

शेतात पाणी उपसायला मोटर घ्यायचं ठरलं की जो तो आधी एचपी (हॉर्सपॉवर) विचारतो. पाचची घेऊ का साडेसातची, शेजाऱ्याची साडेसातची आहे आणि त्याचं पाणी जोरात पडतं मग आपण पण तीच घेऊ. मी पण असंच केलं होतं. पाचची काढून साडेसातची टाकली आणि पाणी वाढलं ते जेमतेम, कारण पाईपलाईन जुनीच होती, ६३ एमएमची, आणि वाढलेली सगळी ताकद त्या पाईपातच घासून जात होती. वीज मात्र रोज जास्त खायची. पुढे पाईप बदलला तेव्हा कळलं की जुनी पाचचीच पुरली असती. म्हणून सांगतोय, आधी पाणी मोजा, मग उंची आणि पाईप मोजा, आणि त्यातून जो एचपी निघेल तो घ्या.

पाणी किती लागतं

१ एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,०५० लिटर. भर उन्हाळ्यात बऱ्याच पिकांना दिवसाला ५-६ मिलिमीटर लागतं, म्हणजे एकरी २० ते २४ हजार लिटर रोज. समजा ४ एकर आहे, ठिबक आहे, तर ९७ हजार लिटर पिकाला आणि थोडी गळती-नासाडी धरून १ लाख ८ हजार लिटर. आता मोटर दिवसात किती तास चालणार ते बघा, ६ तास धरले तर तासाला १८ हजार लिटर, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. हा ५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच वापरायचाय. पाटाने पाणी देणार असाल तर झिरपून आणि वाहून बरंच जातं, त्यामुळे हाच हिशोब दीडपट-पावणेदोनपट धरावा लागतो.

लोक "दोन इंची पाणी पडतं", "अडीच इंची पडतं" असं बोलतात पण त्यातून खरं काही कळत नाही, कारण दोन इंची पाईपातून सावकाश पण पाणी येतं आणि धो धो पण येतं. २०० लिटरचा ड्रम घ्या, पाईपाखाली ठेवा आणि मोबाईलवर टाइम लावा. ४० सेकंदात भरला तर सेकंदाला ५ लिटर. इतकं सोपं आहे, तरी फार कमी लोक करतात.

विहीर किंवा बोअर किती देते

मोटर पाणी तयार करत नाही, उचलते फक्त. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर खोलीला साधारण २८ हजार लिटर पाणी बसतं. म्हणजे वरच्या हिशोबाचं १ लाख ८ हजार लिटर काढलं आणि झरे अगदीच बंद असले तर पातळी पावणेचार-चार मीटर खाली जाणार. हे दोन कारणांसाठी महत्त्वाचं. एक तर विहिरीत तेवढं पाणी आहे का ते कळतं, आणि दुसरं म्हणजे उंची मोजताना सकाळची भरलेली पातळी धरायची नाही, उपसा संपतानाची आणि ती पण उन्हाळ्यातली पातळी धरायची.

बोअरचं तर हे जास्तच खरं आहे. बंद असताना पाणी ३० मीटरवर दिसतं आणि मोटर तासभर चालली की ५५ वर जातं. म्हणून बोअर मारल्यावर लगेच मोटर आणायला पळू नका, भाड्याची टाकून सलग काही तास चालवा, पाणी कुठे जाऊन स्थिर होतंय ते दोरीला वजन लावून किंवा लेव्हल मीटरने बघा आणि त्या वेळी ड्रम लावून डिस्चार्ज (सेकंदाला किती लिटर पडतं ते) मोजा. बोअर सेकंदाला २ लिटरच देत असेल तर ५ लिटर ओढणारी मोटर टाकून काय होणार? १० मिनिटं जोरात, मग हवा, मग बंद. आणि त्या हवेतच मोटर जळते.

हेड म्हणजे काय

हेड म्हणजे नुसती विहिरीची खोली नाही. त्यात चार गोष्टी येतात. पाण्याच्या पातळीपासून शेताच्या सगळ्यात उंच टोकापर्यंतची सरळ उंची, पाईपातलं घर्षण, बेंड-कॉक-व्हॉल्वमधलं नुकसान आणि शेवटी पाणी ज्या प्रेशरने बाहेर पडायला हवं ते प्रेशर. १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर हेड. ठिबकला १ ते दीड किलो लागतं, तुषारला साधारण अडीच-तीन किलो, नुसतं पाटात किंवा शेततळ्यात सोडायचं असेल तर काहीच नाही. फिल्टरचं वेगळं धरा.

पाईपाच्या घर्षणाकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि पैसा तिथेच जातो. सेकंदाला ५ लिटर पाणी नेताना १०० मीटर पीव्हीसी पाईपात ६३ एमएमला साधारण पावणेसहा मीटर हेड जातं, ७५ एमएमला सव्वादोन-अडीच मीटर आणि ९० एमएमला १ मीटरच्या आसपास. पाईपाचा व्यास निम्मा केला तर त्याच पाण्याला घर्षण तीसेक पटीने वाढतं, आणि त्याच पाईपातून दुप्पट पाणी ढकलायला गेलात तर घर्षण साडेतीन पटीच्या वर जातं. हे एकदा डोक्यात बसलं की पाईप घेताना कोणी कंजूषी करणार नाही, कारण पाईपाचे पैसे एकदा जातात आणि घर्षणाचे रोज.

आता आपलं उदाहरण पुरं करू. उन्हाळ्यात उपसा संपताना पाणी जमिनीपासून १२ मीटर खाली, शेताचं उंच टोक ८ मीटर वर, झाले २०. पाईप ४०० मीटर, ९० एमएम, घर्षण ४ मीटर. बेंड-कॉकचे २. फिल्टरचे ४. ठिबकला १२. एकूण ४२ मीटर.

एचपी काढायला लिटर प्रति सेकंद गुणिले हेड मीटरमध्ये, भागिले ७५. म्हणजे ५ गुणिले ४२ भागिले ७५, आले २.८. पण हा झाला फक्त पाण्याला लागणारा एचपी, पंपात पण नुकसान होतं. चांगल्या पंपाची एफिशियन्सी, म्हणजे दिलेल्या ताकदीतली किती पाण्यापर्यंत पोचते ते, ६५ टक्के धरली तर २.८ भागिले ०.६५ म्हणजे ४.३ एचपी. वर १०-१५ टक्के राखीव धरलं की ५ एचपी बरोबर बसते.

हाच हिशोब ६३ एमएम पाईप धरून करा. घर्षण ४ च्या जागी २३ मीटर, एकूण हेड ६१, एचपी निघतो सव्वासहा, म्हणजे साडेसातची मोटर घ्यावी लागणार. विहीर तीच, शेत तेच, पाणी तेवढंच. आणि तासाला पावणेदोन-दोन युनिट जास्त, जितकी वर्षं तो पाईप राहील तितकी वर्षं. पाईप ९० चाच ठेवून पंप मात्र हलक्या प्रतीचा घेतला, ज्याची एफिशियन्सी ५० टक्के आहे, तरी ५.६ एचपी लागतो आणि परत साडेसातवरच जाता. म्हणून दोन पंपांची तुलना करताना मोटरच्या प्लेटवरचा एचपी बघू नका, तुमच्या हेडला तो किती लिटर देतो आणि किती टक्के एफिशियन्सीने देतो ते बघा. एक लक्षात ठेवा, प्लेटवर ओव्हरऑल एफिशियन्सी लिहिलेली असेल तर त्यात मोटरचं नुकसान पण धरलेलं असतं, त्यामुळे तो आकडा नुसत्या पंपापेक्षा कमी दिसणारच, एकाची पंप एफिशियन्सी आणि दुसऱ्याची ओव्हरऑल अशी तुलना करू नका.

प्लेटवर हेडची रेंज असते, उदाहरणार्थ ३० ते ५० मीटर. तुमचं हेड त्या रेंजच्या मध्याजवळ यायला हवं. "जास्त हेडची घेतलेली बरी, कधी कमी पडणार नाही" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. नेहमीचे सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे आतलं चाक (इंपेलर) फिरवून पाणी फेकणारे, मग ते मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र, पाण्याबाहेर ठेवायचे) असोत का विहिरीतले सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचे), हेड कमी मिळालं की पाणी जास्त फेकतात आणि त्याबरोबर अँपिअर, म्हणजे मोटर ओढते तो करंट, पण वाढतात. ६० मीटर हेडचा पंप २० मीटरवर चालवला तर मोटर ओव्हरलोडला जाते, गरम होते, जळते. लोकांना वाटतं पाणी मोकळं पडतंय म्हणजे मोटरवर लोड नाही, खरं तर उलटं आहे. असा पंप गळ्यात पडलाच असेल तर डिलिव्हरीचा (पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपाचा) कॉक थोडा दाबून अँपिअर प्लेटवरच्या आकड्यापर्यंत खाली आणा, वीज वाया जाते पण वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) वाचतं.

कुठला प्रकार

पाणी जमिनीपासून ६ मीटरच्या आत असेल, नदी, कॅनॉल, शेततळं, उथळ विहीर, तर मोनोब्लॉक सगळ्यात सरळ. वर असतो, हाताशी असतो, दुरुस्ती सोपी. पण पंप पाणी "ओढतो" ही समजूत काढून टाका. पंप फक्त पोकळी करतो, पाणी वर ढकललं जातं ते हवेच्या दाबाने, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब जेमतेम १०.३ मीटर पाण्याएवढाच आहे. त्यातून पाईपाचं घर्षण, फुटव्हॉल्वचं (पाईपाच्या पाण्यातल्या टोकाच्या एकतर्फी व्हॉल्वचं) नुकसान वजा केलं की हातात ६-७ मीटर राहतात. १,००० मीटर उंचीच्या भागात असाल तर अजून सव्वा मीटरच्या आसपास कमी धरा. कितीही एचपीची मोटर लावा, हा नियम बदलत नाही. आपल्या उदाहरणातली पातळी १२ मीटर आहे, म्हणजे मोनोब्लॉक वर ठेवून चालणारच नाही, एकतर विहिरीत कठडा करून खाली बसवा नाहीतर ओपनवेल सबमर्सिबल (उघड्या विहिरीत बुडवायची) टाका. मी तर ओपनवेलच सांगेन, पातळी खालीवर झाली तरी प्रायमिंगची (चालू करण्याआधी पंपात पाणी भरायची) कटकट नाही आणि फुटव्हॉल्व नाही.

बोअरला सबमर्सिबल. बोअरच्या आतल्या व्यासात मोकळी जाणारी घ्या, ४ इंचीची किंवा ६ इंचीची, आणि केसिंग (बोअरमधला पाईप) कुठे वाकडं असेल तर आधी डमी पाईप सोडून बघा, अडकलेली मोटर काढणं म्हणजे फार त्रास. स्टेज (एकावर एक बसवलेले इंपेलर) जास्त म्हणजे हेड जास्त, पाणी जास्त नाही, हे पण लक्षात ठेवा. बोअरला पाणी अगदीच थोडं आणि गाळ-वाळू फार असेल तर कॉम्प्रेसर पंप चालतो, त्यात खाली फिरणारं काही नसतं म्हणून खराब होत नाही, पण वीज खूप खातो.

कॅनॉलचं भरपूर पाणी २-३ मीटरच उचलायचं असेल तर अॅक्सियल किंवा मिक्स्ड फ्लो पंप. तिथे हाय हेडची मोनोब्लॉक लावणं म्हणजे मघाशी सांगितलेली ओव्हरलोडची गोष्ट.

डिझेल इंजिन जिथे वीज नाही तिथे. एका एचपीला तासाला साधारण पाव लिटर डिझेल धरा, म्हणजे रोजचा खर्च आधीच कळेल. पुली बदलून स्पीड वाढवायचा मोह होतो, पण स्पीड १० टक्के वाढवला तर पाणी १० टक्के वाढतं, हेड २१ टक्के आणि लागणारी ताकद ३३ टक्के वाढते. इंजिन दमतं ते यामुळे.

सोलर चांगला पर्याय आहे, फक्त पॅनलचे वॅट मोटरच्या वॅटपेक्षा २५-३० टक्के जास्त पाहिजेत (१ एचपी म्हणजे ७४६ वॅट) आणि पाणी दिवसभर सारखं मिळत नाही हे धरून चाला. सकाळी कमी, दुपारी फुल, ढग आला की पडलं. ठिबकला थेट जोडलं की प्रेशर सतत हलतं, म्हणून उंचावर टाकी किंवा शेततळं करून त्यात पाणी घेतलेलं बरं. पॅनलवरची धूळ सकाळी थंड असतानाच पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि एका कोपऱ्यावर झाडाची सावली पडली तरी सगळी ओळ ढिली पडते.

बसवताना

मोनोब्लॉकच्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक सक्शनच्या, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतच्या पाईपाच्या, असतात. सक्शन पाईप डिलिव्हरीपेक्षा एक साईज मोठा, शक्य तितका आखूड, कमीत कमी बेंड, आणि पाण्यापासून पंपाकडे सतत चढता. मधे कुठे उंटासारखा उंचवटा आला की तिथे हवा साठते आणि पंप पाणी सोडतो. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर (पाईपाचा व्यास कमी करणारा तुकडा) लावायचा तर एका बाजूने सपाट असतो तो लावा आणि सपाट बाजू वर ठेवा, कारण तेच, हवा अडकू नये. फुटव्हॉल्व तळापासून निदान अर्धा मीटर वर आणि पाण्याखाली पण अर्ध्या मीटरपेक्षा जास्त, नाहीतर भोवरा होऊन हवा आत जाते. पंपाच्या वजनाचा आणि पाईपाच्या वजनाचा एकमेकांवर भार टाकू नका, पाईपाला वेगळा आधार द्या, नाहीतर पंपाची बॉडी ताणली जाऊन सील आणि बेअरिंग लवकर जातात.

सक्शनला गळती आहे का हे मोटर चालू असताना दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. संशय आला तर एकेका जॉइंटला घट्ट ग्रीस फासून बघा, ज्या जॉइंटला फासल्यावर पाणी सुधारलं तोच गुन्हेगार.

पाण्याने भरायच्या सबमर्सिबलमध्ये टाकण्याआधी मोटरमध्ये स्वच्छ पाणी भरायचं असतं. प्लग काढून हळूहळू भरा, मोटर थोडी हलवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, परत भरा, मग प्लग लावा. हे विसरलं की नवी कोरी मोटर आतून कोरडी फिरते आणि बुश जातात. टाकताना मोटरचा भार दोरावर किंवा पाईपावर, केबलवर कधीच नाही. तळापासून ३ मीटर तरी वर ठेवा, तळाचा गाळ तसाच राहू दे. पंपाच्या लगेच वर नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी मागे येऊ न देणारा). बोअरची मोटर शेततळ्यात किंवा मोठ्या विहिरीत टाकणार असाल तर तिच्यावरून पाणी वाहत नाही, ती गार होत नाही, त्यामुळे बाहेरून पाईपाचं कव्हर बसवा म्हणजे पाणी मोटरला घासूनच पंपात जाईल.

थ्री फेज मोटर उलटी फिरली तरी थोडं पाणी देते, म्हणून फसायला होतं. पाणी कमी वाटलं तर कुठल्याही दोन फेज अदलाबदल करून बघा, ज्या दिशेला पाणी आणि प्रेशर जास्त ती बरोबर.

केबलमध्ये काटकसर नको. स्टार्टरपासून मोटरपर्यंत लांबी जास्त असेल तर जाड केबल, शेवटच्या टोकाला व्होल्टेज ३-४ टक्क्यांपेक्षा जास्त पडायला नको. व्होल्टेज कमी झालं की मोटर अँपिअर जास्त ओढते आणि तापते. तिन्ही फेजमध्ये फरक असला तर अजून वाईट, व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के असमतोल असला तरी वाइंडिंगचं तापणं पाव पटीने वाढू शकतं. आणि एक फेज गेला की उरलेल्या दोनमध्ये करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो, काही मिनिटांत खेळ खलास. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) आणि ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपलं की बंद करणारा) हे दोन्ही घ्याच, याला मी हौसेची वस्तू मानत नाही. ओव्हरलोड रिले (अँपिअर जास्त झाले की मोटर बंद करणारा) प्लेटवरच्या अँपिअरवर सेट करा. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याचा स्क्रू फिरवून वाढवून ठेवणं किंवा फ्यूजला जाड तार बांधणं, हे केलेल्या मोटरी जळलेल्याच पाहिल्यात.

ऑटो स्टार्टर लावलाय तर त्यात डिले ठेवा. मोटर बंद पडली की पाईपातलं पाणी मागे येतं आणि व्हॉल्व गळका असेल तर पंप उलटा फिरतो, त्या क्षणी लाईट येऊन मोटर चालू झाली तर शाफ्टला जबरदस्त झटका बसतो. २-३ मिनिटं थांबून चालू होऊ द्या.

पहिल्या दिवशी वही घाला

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे डिलिव्हरीवर एक प्रेशर गेज, स्टार्टरला व्होल्टमीटर-अँपमीटर, आणि एक वही. नवीन मोटर बसवल्या दिवशी व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर, प्रेशर, ड्रम भरायला लागलेला वेळ आणि पाण्याची पातळी लिहून ठेवा. पुढे दर महिन्याला एकदा. मोटर आजारी पडली की डॉक्टरला रिपोर्ट दाखवतो तशी ही वही कामाला येते.

पाणी कमी झालं आणि अँपिअर पण कमी आणि प्रेशर पण कमी असेल तर पंपाला पाणी मिळत नाहीये. पातळी गेली असेल, सक्शनला हवा असेल, फुटव्हॉल्वची जाळी चोंदली असेल, इंपेलरमध्ये कचरा अडकला असेल नाहीतर इंपेलर झिजला असेल. पाणी कमी, अँपिअर कमी पण प्रेशर जास्त असेल तर पुढे कुठेतरी अडलंय, फिल्टर भरलाय किंवा कॉक अर्धवट बंद आहे, मोटर खोलायला जाऊ नका. प्रेशर एकदम पडलं आणि अँपिअर वाढले तर बहुतेक पाईप फुटला, लाईनवर चक्कर मारा. आणि पाणी कमी असून अँपिअर जास्त, हे सगळ्यात वाईट लक्षण, आत काहीतरी घासतंय, वाळू अडकलीय, बेअरिंग गेलंय किंवा व्होल्टेज कमी आहे, अशा वेळी चालवत राहू नका.

इंपेलर झिजलाय का हे न खोलता कळतं. मोटर चालू ठेवून डिलिव्हरीचा कॉक पूर्ण बंद करा, गेजवरचं प्रेशर वाचा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत कॉक परत उघडा. हे साध्या सेंट्रिफ्युगलवरच करायचं, अॅक्सियल पंपावर चुकूनही नाही, आणि गेज कॉकच्या आधी पंपाच्या बाजूला असला पाहिजे. नवीन असताना ५ किलो दाखवत होता आणि आता ४ दाखवतोय, व्होल्टेज आणि पाण्याची पातळी पण तेवढीच आहे, तर इंपेलर किंवा वेअर रिंग झिजली. हे नवीन असतानाच एकदा करून आकडा लिहून ठेवला नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?

कान पण ठेवा. पंपात खडी भरल्यासारखा कडकड आवाज आला तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे सक्शनला पाणी कमी पडतंय, वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत आणि इंपेलरचा धातू कुरतडला जातोय. सक्शन मोकळं करा किंवा कॉक थोडा दाबा.

बाकीची देखभाल फार अवघड नाही. ग्लँड पॅकिंगचा (शाफ्टभोवती दोरीसारखी पॅकिंग आवळलेला) पंप असेल तर मिनिटाला ४०-६० थेंब गळलेच पाहिजेत, तेच पाणी शाफ्टला गार ठेवतं, गळतंय म्हणून आवळून कोरडा केला की शाफ्टला चर पडतात. मेकॅनिकल सील असेल तर उलट, तिथे गळायलाच नको. बेअरिंगला ग्रीस कोंबून भरू नका, अर्ध्यापेक्षा कमी जागा भरली की पुरे, जास्त झालं तर बेअरिंग तापतं. कपलिंगचा पंप असेल तर वर्षातून एकदा अलाइनमेंट बघा. ठिबकच्या फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर बघत जा, फरक अर्ध्या किलोवर गेला की धुवायची वेळ झाली. इंजिनचं ऑइल पुस्तकात दिलेल्या तासांना बदला, नवीन इंजिनाचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं, आणि धुळीच्या दिवसात एअर फिल्टर जास्त वेळा साफ करा.

मोटर महिनोन्महिने बंद ठेवायची असेल तर मोनोब्लॉकचं पाणी काढून टाका आणि मधूनमधून शाफ्ट हाताने फिरवा. पाण्यातली सबमर्सिबल दर १५ दिवसांनी १०-१५ मिनिटं चालवा, नाहीतर जाम होते आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी नुसती गुणगुणते. सबमर्सिबलचं इन्सुलेशन वर्षातून एकदा मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून घ्या. २ मेगाओहमच्या वर असेल तर काळजी नाही, खाली खाली यायला लागलं तर लक्ष ठेवा, अर्ध्या मेगाओहमच्या खाली गेलं तर केबलचा जॉइंट किंवा वाइंडिंग पाणी पितंय, जळायच्या आधीच बाहेर काढा. बऱ्याचदा मोटर चांगली असते आणि जॉइंटच खराब निघतो.

जिवापेक्षा पाणी मोठं नाही

विहिरीत उतरायच्या आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. नुसता स्टार्टर बंद करून उतरू नका, ऑटोवर असेल तर लाईट येताच मोटर चालू होते. अर्थिंग वेगळी आणि खरी असू द्या, खड्ड्यात ओल राहील हे बघा, पाईपाला तार गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नाही, प्लास्टिक पाईपाला तर अजिबातच नाही. विजेच्या लिकेजला ट्रिप होणारा ब्रेकर लावा. पाण्यात मोटर चालू असताना कोणी पोहायला किंवा फुटव्हॉल्व हलवायला उतरता कामा नये. आणि डिझेल इंजिन विहिरीच्या आत, खड्ड्यात किंवा बंद खोलीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, खाली गेलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला पण पडतो. कोणी असा पडला तर मागोमाग उडी मारू नका, आधी इंजिन बंद करा, मदत बोलवा, कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि आतली हवा मोकळी झाल्याशिवाय कोणाला खाली सोडू नका.

रिवायंडिंग का नवीन

मोटर जळाली की रिवायंडिंग (आतली तार नव्याने भरणं) स्वस्त वाटतं आणि एकदा करायला हरकत पण नाही, फक्त मूळ होती त्याच गेजची तांब्याची तार आणि तेवढेच वेढे टाकून घ्या, आणि काम झाल्यावर नो लोडला, म्हणजे पंपाचा भार नसताना, तिन्ही फेजचे अँपिअर तुमच्यासमोर दाखवायला सांगा, ते सारखे असले पाहिजेत. जळालेली मोटर का जळाली ते शोधल्याशिवाय परत टाकू नका, नाहीतर तीच पाळी परत येते. दोनदा-तीनदा भरलेली मोटर मात्र तेवढंच पाणी द्यायला जास्त वीज खाते, तुमच्या वहीतले अँपिअरच ते सांगतील. मग नवीन घ्यायची वेळ आली तर जुनी प्लेट दाखवून "हीच द्या" म्हणू नका. ती मोटर घेतली तेव्हाची पाण्याची पातळी आता राहिलेली नसते, मधल्या काळात पाईप वाढवलेला असतो, पाटाच्या जागी ठिबक आलेलं असतं. दोरीला दगड बांधून पातळी परत मोजा, ड्रम लावा, हेड परत काढा आणि मग दुकानात जा.